रबाळे ते ठाणे कोर्ट: कंपनीचा फॉर्म्युला बाहेर गेल्यावर काय काय करावं लागतं

रबाळे एमआयडीसीत आमचा शाईचा छोटा कारखाना आहे. पेनातली शाई नव्हे. खाकी खोक्यांवर छपाई होते ती, पाण्यातली फ्लेक्सो शाई. भाऊ उत्पादन बघतो, मी हिशेब, माणसं आणि कागदपत्रं बघते. २०२४च्या शेवटी आमच्याकडून नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर आमची फॉर्म्युला शीटही गेली. ते निस्तरताना मी नेटवर पुष्कळ शोधलं. सापडायचं ते सगळं अमेरिकेतलं: त्यांचा १९९६चा आर्थिक हेरगिरीविरोधी कायदा, २००६मध्ये कोका-कोलातल्या एका सेक्रेटरीने कंपनीची गुपितं पेप्सीला विकायचा प्रयत्न केला आणि पेप्सीनेच ते कोका-कोलाला कळवलं, वगैरे. वाचायला मजा येते, पण ठाण्यात कुठल्या दारात जायचं ते त्यातून कळत नाही. म्हणून हे लिहून ठेवतेय.

आधी गुपित म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे वकिलांपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने हेच विचारलं. पिगमेंट, अॅक्रिलिक रेझिन, वॅक्स, डिफोमर, अमाइन ही नावं या धंद्यातल्या कुणालाही पाठ असतात. मेख असते ती कुठला माल कुठल्या क्रमाने, किती वेळ ढवळून घालायचा त्यात. या शाईचा पीएच साधारण साडेआठ ते साडेनऊ ठेवावा लागतो. प्रेसवर अमाइन उडत राहतं, पीएच उतरतो, शाई दाटते, मग प्रेसवाला पाणी ओततो आणि दुपारनंतर खोक्यांवरचा लाल रंग विटकरी दिसायला लागतो. आमच्या एका लालमध्ये हे फार उशिरा होतं. दादाने त्या लालपायी कित्येक वर्षं घातली आहेत, आणि त्या सगळ्याचा अर्क एका एक्सेल फाइलमध्ये होता.

दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबर २०२४ला, आमच्या टेक्निकल मॅनेजरने राजीनामा दिला. आठ वर्षं आमच्याकडे होता. गणपतीत घरी यायचा, मला ताई म्हणायचा. महिन्याचा नोटीस पिरियड नीट भरला, १० डिसेंबरला पेढे वाटले आणि गेला. कुठे जातोय ते सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही.

जानेवारीच्या मध्यात भिवंडीच्या एका खोकेवाल्याचा दादाला फोन आला. "दादा, तुमचीच लाल दुसऱ्या नावाने येतेय. किलोमागे १४ रुपये कमी. काय लोचा आहे?" आम्ही त्याच्याकडून त्या मालाची अर्धा किलोची बाटली आणि सोबत आलेली डेटा शीट, म्हणजे मालाच्या माहितीचं पान, मागवली. लॅबमधल्या ताईंनी दाटपणा मोजायच्या बी-फोर कपात शाई ओतली, सेकंद मोजले, पीएच बघितला आणि बाटली खाली ठेवून म्हणाल्या, "ही आपलीच." पण डोळ्यांना दिसणं वेगळं आणि सिद्ध करता येणं वेगळं. सिद्ध करण्याजोगं निघालं ते डेटा शीटमध्ये. ती ईमेलवर एक्सेलमध्येच आली होती. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बनवणाऱ्याचं नाव होतं 'लॅब-२'. हा आमच्या लॅबमधला खिडकीजवळचा कॉम्प्युटर. शिवाय 'वापरण्यापूर्वी ड्रम चांगला ढवळून घ्यवा' ही आमची जुनी चूक, 'घ्यावा'मधला काना खाल्लेली, तशीच तिथे होती.

दादाचा पहिला विचार त्या मॅनेजरच्या घरी जाऊन त्याला समोर बसवायचा होता. कॉम्प्युटर बघणारा मुलगा त्याचा जुना लॅपटॉप उघडून 'रिकव्हरी मारायला' निघाला होता. दोघांना थांबवून मी ओळखीतून मिळालेल्या वकीलबाईंना फोन केला. त्यांची दोन वाक्यं आजही कानात आहेत: "लॅपटॉप चालू करू नका. आणि त्या माणसाला फोन करू नका." लॅपटॉप नुसता चालू केला तरी आतल्या कित्येक फाइलींच्या वेळा बदलतात, मग समोरचा वकील म्हणणार, हे तुम्हीच घातलंत. नशीब, तो लॅपटॉप अजून कुणाला दिला नव्हता, कपाटात होता. मी तो पाकिटात घातला, वर तारीख टाकली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि तिजोरीत ठेवला.

२१ जानेवारीला कोर्ट नाक्याजवळच्या त्यांच्या ऑफिसात बसलो. मला वाटलं होतं, त्या आधी चोरीबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "ही फाइल गुप्त आहे हे तुमच्या कंपनीत कुणाला कसं कळत होतं?" पासवर्ड होता का, किती जणांकडे, फाइलवर 'गोपनीय' लिहिलं होतं का, त्याने कशावर सही केली होती. आपल्याकडे ट्रेड सिक्रेटचा वेगळा कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४च्या आपल्या २८९व्या अहवालात तसा कायदा सुचवला आणि मसुदाही जोडला, पण तूर्त सगळं करारावर आणि न्यायालयांनी वर्षानुवर्षं घालून दिलेल्या तत्त्वांवर चालतं. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातलं कलम ३९ही मुळात तेच विचारतं: माहिती खरोखर गुप्त आहे का, ती गुप्त असण्यामुळे तिला पैशाची किंमत आहे का, आणि ती गुप्त राहावी म्हणून तुम्ही वाजवी काळजी घेतली का. पहिल्या दोन प्रश्नांना दादा तासभर बोलू शकतो. केस तिसऱ्यावर ठरते.

आमच्याकडे होतं ते असं: फाइलला पासवर्ड, तो तिघांकडे, लॅबच्या वहीच्या प्रत्येक पानावर शिक्का, आणि नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम, त्याच्या सहीसकट. त्याच पत्रात आणखी एक कलम होतं, ज्यावर दादाची सगळी भिस्त होती: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं मुंबई, ठाणे, रायगडमध्ये शाईच्या कंपनीत काम करायचं नाही. वकीलबाईंनी त्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७. कुणाला पोट भरण्याच्या धंद्यापासून अडवणारा करार रद्दबातल.

दादा चिडला. मग त्यांनी गोलिकरी खटला सांगितला, आणि तो इथलाच निघाला. कल्याणच्या सेंच्युरीच्या कारखान्यात टायर कॉर्डचं तंत्र परदेशी कंपनीकडून, गुप्ततेच्या अटीवर आणलेलं. पाच वर्षांच्या करारावर नेमलेला शिफ्ट सुपरवायझर मुदत संपायच्या आधीच राजस्थानातल्या रेयॉन कंपनीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये मनाई कायम ठेवली, कारण कराराची मुदत चालू होती. मुदत संपल्यानंतरच्या बंदीला न्यायालयं सहसा उभं करत नाहीत. म्हणजे आमचा माणूस नव्या ठिकाणी शाई बनवू शकतो. आठ वर्षांत हाताला बसलेलं कसब त्याचं आहे. रंग नुसता बघून 'अजून अर्धा टक्का निळा' म्हणण्याची नजर त्याची आहे. आमची आहे ती शीट. हा फरक गळी उतरायला दादाला बरेच दिवस लागले. माझं म्हणाल तर मला तो तेव्हाच पटला. उद्या मी कुठे गेले तर जीएसटी भरायचं विसरून जा, असं मला कोण सांगणार?

पुढचं काम लॅपटॉपची फॉरेन्सिक इमेज, म्हणजे पुराव्यासाठी डिस्कची हुबेहूब कॉपी. नवी मुंबईतल्याच एका खासगी तज्ज्ञाकडून घेतली. ३५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. माणूस कारखान्यात आला, सिरियल नंबरचे फोटो काढले, हार्ड डिस्क राइट ब्लॉकरला जोडली, म्हणजे वाचता येतं पण तिच्यावर काही लिहिलं जात नाही. कॉपी संपल्यावर पडद्यावर ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ आली. ही हॅश व्हॅल्यू. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ही ओळ पार वेगळी येते, म्हणून कोर्टात तिला महत्त्व. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र दोन भागांत असतं: भाग अ आपण भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. तज्ज्ञ ठरवतानाच 'भाग ब तुम्ही सही करून देणार ना?' असं विचारून घ्या. आम्ही विचारलेला पहिला माणूस त्यालाच नाही म्हणाला होता.

अहवाल आठवड्याभरात आला. २४ नोव्हेंबरला, रविवारी, सकाळी एक पेनड्राइव्ह लावला गेला होता, आणि त्याच सुमारास त्या पेनड्राइव्हवरून फॉर्म्युला शीट उघडल्याची नोंद होती. रविवारी कारखाना बंद असतो. मी गेटवरची वही काढली. वॉचमनकाकांच्या तिरप्या अक्षरात: त्याचं नाव, आत ११.२०, बाहेर १२.०५, कारणाच्या रकान्यात 'डबा राहिला'. एवढ्या महागड्या अहवालाला खरं बळ दिलं ते त्या चाळीस रुपयांच्या वहीने. गेटची वही रद्दीत देऊ नका.

ब्राउझरमध्ये त्याच्या खासगी जीमेलचा पासवर्ड सेव्ह केलेला होता. एक क्लिक आणि सगळं समोर, असा मोह सगळ्यांनाच झाला. तज्ज्ञाने स्पष्ट सांगितलं, लॅपटॉप तुमचा असला तरी ते खातं त्याचं. परवानगीशिवाय शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची जी कलमं तुम्ही त्याच्यावर लावायला निघालात, तीच तुमच्यावर लागतील.

३ फेब्रुवारीला नोटीस गेली, रजिस्टर्ड एडीने आणि ईमेलने. नोटिशीचे १२,००० रुपये. एक त्याला, एक त्याच्या नव्या कंपनीला. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण एकदा कळवल्यावर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं त्यांना म्हणता येत नाही. फॉर्म्युला काय आहे ते नोटिशीत लिहायचं नसतं, नुसतं त्याचं वर्णन द्यायचं. उत्तर पंधरवड्याने आलं, अपेक्षेप्रमाणे: ही माहिती धंद्यात सर्वांना आहे, आमच्या अशिलाने काहीही नेलेलं नाही.

दरम्यान पोलिसांत गेलो. तक्रार माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ४३(ब) आणि ६६ खाली, म्हणजे परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं ३१६(४), नोकराने केलेला विश्वासघात, सात वर्षांपर्यंत. हद्दीतल्या पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, चोरीला गेलं काय? फाइल तर तुमच्याकडेच आहे." टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग म्हणाले, हा सिव्हिल मॅटर आहे. मी वाद घातला नाही, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मागितला. तो मिळवायला संध्याकाळ झाली. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे अर्ज पुढे सायबर ठाण्याकडे गेला. तिथे कागद वाचणारा माणूस भेटला, जबाब झाला, पण कामाचा ढीग ऑनलाइन फसवणुकीचा. ज्यांचे आयुष्यभराचे पैसे गेलेत ते बाकावर बसलेले असताना आपल्या लाल शाईची घाई करणं जड जातं. नुकसानभरपाईसाठी आयटी कायद्यातच आणखी एक दार आहे: पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे मांडता येतात. आम्हाला पैशांपेक्षा माल थांबवायचा होता, म्हणून तिकडे गेलो नाही.

थांबवण्याचं दार म्हणजे दिवाणी कोर्ट. १० मार्चला ठाणे जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. आधार दोन: गोपनीयतेच्या कराराचा भंग, आणि डेटा शीटवरचा आमचा कॉपीराइट. दुसरा मला सुचलाच नसता. तक्ते आणि माहितीचं संकलनसुद्धा कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीत मोडतं, आणि आमचा काना खाल्लेला 'घ्यवा' इथे कामी आला. व्यापारी दाव्यांना आधी मध्यस्थी सक्तीची असते, पण तातडीची मनाई मागत असाल तर त्यातून सूट मिळते. खरी फॉर्म्युला शीट बंद लिफाफ्यात दिली. ती दाव्याला उघडी जोडली असती तर समोरच्याला आम्हीच कॉपी दिल्यासारखं झालं असतं.

मनाईचा अर्ज म्हणजे निशाणी ५. वकीलबाईंनी तूर्तातूर्त मनाई मागितली, म्हणजे समोरच्याला न ऐकता लगेच. १८ मार्चला न्यायाधीशांनी ती नाकारली आणि नोटीस काढली. मी कॉरिडॉरमध्ये येऊन रडले, हे लिहायला हरकत नाही. वकीलबाईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, उशिरा आलेल्याला एकतर्फी आदेश क्वचितच मिळतो. त्याने नोव्हेंबरात नेलं, आपण मार्चात आलो. पण नोटीस लागली, हेही काही कमी नाही. मग 'से'साठी, म्हणजे त्यांच्या लेखी उत्तरासाठी, तारीख, त्यांच्या वकिलांची मुदतवाढ, पुन्हा तारीख, आणि मेमध्ये कोर्टाची उन्हाळी सुट्टी. ज्यांना हे करायचंय त्यांनी मार्च ते जून हा काळ हिशेबात धरावा. कारखाना चालूच असतो, त्या तारखांना कोण जाणार ते आधीच ठरवून ठेवा. आमच्यात मीच जायचे, रबाळ्याहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला आणि पुढे चालत. दादा आला की तो पलीकडच्या बाकाकडे बघत बसायचा आणि दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही.

याच काळात एक गोष्ट लक्षात आली, जिचा खटल्याशी काही संबंध नाही. रेझिनचा सेल्समन आला होता, गप्पांत सहज म्हणाला, "फलाण्यांनी आता आमचं अमुक ग्रेड दुप्पट घ्यायला सुरुवात केलीय." म्हणजे तो आमचंही तिकडे सांगत असणार. कुठल्या महिन्यात कुठला माल किती घेतला एवढं कळलं, तर जाणकार माणूस अर्धा फॉर्म्युला मांडू शकतो. आता दोन महत्त्वाच्या वस्तू आम्ही वेगवेगळ्या डीलरकडून घेतो आणि सेल्समन लोकांना लॅबमध्ये नेत नाही, बाहेरच्या टेबलावर चहा देतो.

सुट्टीनंतर समोरून निरोप आला. नव्या कंपनीच्या मालकाला बहुधा आपण काय विकत घेतलंय ते अहवाल वाचून कळलं असावं. वाटाघाटी दोन बैठकांत झाल्या, त्यातली एक तर कोर्टाबाहेरच्या हॉटेलात मिसळ खाताना. २७ जूनला कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या तडजोडीच्या अटी, कोर्टात दाखल झाल्या. त्याने पेनड्राइव्ह परत दिला. त्यांच्या टेक्निकल कॉम्प्युटरवरच्या फाइली आमच्या तज्ज्ञासमोर काढल्या. कॉपी शिल्लक नसल्याचं दोघांनी प्रतिज्ञापत्र दिलं. ती डेटा शीट बाजारातून मागे घ्यायची आणि आमच्या शीटप्रमाणे लाल बनवायची नाही अशी हमी. दीड लाख खर्चापोटी. त्याची नोकरी तशीच राहिली. पोलिसांकडचा अर्ज पुढे न चालवण्याचं आम्ही मान्य केलं आणि तसा जबाब सायबर ठाण्यात दिला. आमचा एकूण खर्च वकील, तज्ज्ञ, कोर्ट फी धरून साडेतीन लाखांच्या आसपास गेला, त्यातले दीड परत आले.

मी समाधानी आहे, दादा नाही. त्याच्या मते डोक्यातलं कुणी डिलीट करत नाही. खरंय, पण ते आपल्याला कुठलंही कोर्ट करून देणार नाही.

कारखान्यात बदल केले ते थोडक्यात सांगते. बॅच कार्डावर आता नावं नाहीत, कोड आहेत. लालचं एक प्रीमिक्स दादा स्वतः करतो आणि खाली फक्त 'पी-३' म्हणून उतरतं. ड्रमवरची मूळ लेबलं काढून टाकायची टूम निघाली होती, ती मी हाणून पाडली. धोक्याची चिन्हं आणि सुरक्षेची माहिती कामगारासमोर असलीच पाहिजे, गुपित गेलं खड्ड्यात. यूएसबी पोर्ट बंद केले, फक्त रंग मोजायच्या यंत्राला लागतं ते एक ठेवलं, त्याची नोंदवही आहे. राजीनामा आला की त्याच दिवशी फॉर्म्युल्याचा अॅक्सेस बंद, शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही. जाताना एका पानावर सही: काय परत केलं, काय जवळ नाही. गोपनीयतेचा करार आता नेमणूकपत्राबाहेर, वेगळा, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करतो (ऑक्टोबर २०२४पर्यंत १००चा चालायचा). दोन वर्षांच्या बंदीचं कलम काढून टाकलं.

लॅबमध्ये मोबाइल न्यायचा नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा, हा नियम मात्र टिकला नाही. लॅबमधल्या ताई पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी आल्या आणि फोन समोर ठेवून म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली. आता माझी पण झडती?" त्यांची मुलगी तेव्हा बाळंतपणाला आलेली, फोन कधीही वाजणार. तो नियम मी मागे घेतला. त्याऐवजी फॉर्म्युला शीट उघडण्याचा कॉम्प्युटर दादाच्या केबिनमध्ये हलवला.

भिवंडीचा खोकेवाला परत आला, पण निम्म्याच ऑर्डरवर, आणि आता दर महिन्याला १४ रुपयांची आठवण करून देतो.